आमदारसाहेबांचा अहवाल

(द्वितीय वर्ष, कला)

निवडणुकीला वर्ष-सहा महिने उरले, की आपल्याकडे गावोगाव एक पुस्तिका येते. कागद गुळगुळीत, छपाई रंगीत, मुखपृष्ठावर लोकप्रतिनिधींचे हसतमुख छायाचित्र आणि खाली विकासपर्व, विकासगंगा अशा थाटाचा एखादा शब्द. कोणी तिला कार्यअहवाल म्हणते, कोणी विकासनामा. वाटणारे कार्यकर्ते घाईत असतात. एकेका घरात दोन-दोन प्रती टाकून ते पुढच्या वस्तीवर जातात. पुढे त्या पुस्तिकेचे काय होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. एरवी रद्दीत निदान भडंगाची पुडी तरी बांधता येते. हा कागद त्याही कामाचा नसतो, कारण तो घडीला फाटतो.

तरीही ही पुस्तिका वाचण्याजोगी असते, असे माझे प्रामाणिक मत आहे. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे वीजबिल असो, सोसायटीची नोटीस असो की लग्नपत्रिका, घरात आलेला प्रत्येक छापील कागद मोठ्याने वाचून दाखवणे हे काम आपसूक माझ्याकडे आले आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी आलेली अशीच एक बेचाळीस पानी पुस्तिका मी आमच्या अण्णांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली. त्यात रेशनचे मोफत धान्य होते, घरोघरी नळ होता, राष्ट्रीय महामार्ग होता, शाळेच्या दोन खोल्या होत्या, आणि स्मशानभूमीची शेडही होती. अण्णांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, “ह्यातलं दिल्लीनं काय केलं, मुंबईनं काय केलं आन् आमदारानं काय केलं, ते निराळं करून सांग बरं.”

प्रश्न साधा दिसतो, पण पुस्तिका अशा कौशल्याने लिहिलेली असते, की नेमकी हीच निवड करता येऊ नये. ती कशी करावी, हे सांगण्याचा येथे प्रयत्न करतो. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ह्यातला काही भाग परिचयाचा वाटेल. त्यांनी क्षमा करावी.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात विषयांच्या तीन याद्या आहेत. केंद्राची, राज्याची आणि दोघांच्या समाईक विषयांची, म्हणजे समवर्ती. रेल्वे, टपाल, संरक्षण केंद्राकडे. सार्वजनिक आरोग्य, दवाखाने, शेती, पाणी, पोलीस, स्थानिक स्वराज्य ही राज्याकडे. शिक्षण पूर्वी राज्याच्या यादीत होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती यादीत गेले. त्यानंतर १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने अकरावे परिशिष्ट जोडले आणि पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय त्यात घातले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा तर त्याच्या कितीतरी आधी, १ मे १९६२ रोजीच अस्तित्वात आल्या होत्या.

कागदावर ही वाटणी स्वच्छ आहे. प्रत्यक्षात एकाच कामाला तीन-तीन हात लागलेले असतात. उदाहरण म्हणून घरातला नळ घ्या. जलजीवन मिशनची घोषणा पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१९ रोजी केली. ग्रामीण भागात प्रत्येक घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी, हे त्याचे उद्दिष्ट. मुदत २०२४ ची होती; ती २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. ह्या योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी पैशाचा वाटा केंद्राचा निम्मा आणि राज्याचा निम्मा. पाणी हा विषय मुळात राज्याचा. योजना गावात राबवणारी यंत्रणा जिल्हा परिषदेची, आणि नळाला पाणी सोडणारा माणूस ग्रामपंचायतीचा. आता सांगा, नळ कोणी आणला? खासदारांच्या अहवालात तो खासदारांनी आणलेला असतो, आमदारांच्या अहवालात आमदारांनी. सरपंच बिचारे फ्लेक्स लावतात. आणि नळाला पाणी आले नाही, तर मात्र तिघांचीही बोटे एकमेकांकडे असतात. श्रेय वरून खाली येते आणि दोष खालून वर जातो, असा काहीसा हा प्रकार आहे.

रेशनचे तसे नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क ठरवून दिला. आधी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो असा दर होता. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. ते संसदेच्या कायद्याने आलेले धान्य आहे. कार्डधारकाला ते मिळण्यात आमदारांचा काही संबंध असलाच, तर कार्डात नाव चढत नसेल तेव्हा तहसीलदारांना फोन करण्यापुरता. तो फोन मी क्षुल्लक मानत नाही. आमच्या भावकीत एका विधवा चुलतीचे नाव तशाच एका फोनने चढले. परंतु फोन करून काम होणे ही उपकाराची गोष्ट झाली, आणि धान्य हा हक्क आहे. पुस्तिकेत दोन्ही एकाच ओळीत, एकाच टायपात छापलेली असतात. हक्क उपकारासारखा दिसू लागतो, तो असा.

मग आमदार-खासदारांचे स्वतःचे असे काय असते? लोक म्हणतात, ‘फंड’. खासदारांच्या स्थानिक क्षेत्र विकास निधीची घोषणा लोकसभेत २३ डिसेंबर १९९३ रोजी झाली. पहिल्या वर्षी तो खासदारामागे अवघा ५ लाख होता. पुढच्या वर्षी १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी. करोनाच्या काळात एप्रिल २०२० मध्ये तो थांबवला गेला आणि २०२१ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाला. त्यातला किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असतो. ‘सुचवायचा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. खासदार शिफारस करतात. मंजुरी, निविदा, बिल हे सर्व जिल्हा प्रशासनाकडून होते. खासदारांच्या खिशातून त्यात एक पैसाही जात नाही. हा निधी घटनेला धरून आहे की नाही असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१० साली न्यायालयाने तो वैध ठरवला. आपल्या आमदारांनाही असाच स्थानिक विकास निधी असतो.

आमच्या गावात देवळामागे एक सभामंडप आहे. त्याचा फोटो मी तीन निरनिराळ्या पुस्तिकांत पाहिला आहे, तीन निरनिराळ्या बाजूंनी काढलेला. कोनशिला मात्र एकच आहे आणि तिच्यावर निधीचे नाव स्पष्ट कोरलेले आहे. फोटो काढताना ती नेमकी चौकटीबाहेर राहिली, हा योगायोगच म्हणायचा. पुस्तिकेत एखाद्या कामाचा दावा दिसला, की आधी कोनशिला पाहावी. कोनशिला नसेल, तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. २००५ च्या कायद्याने ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला बंधनकारक आहे.

आता ह्या पुस्तिकांतला राष्ट्रीय धोरणाचा भाग पाहू. तो सहसा पहिल्या चार-सहा पानांत उरकलेला असतो आणि एका पक्षाच्या सर्व लोकप्रतिनिधींच्या पुस्तिकांत जवळजवळ शब्दशः सारखा असतो. आमच्या शेजारच्या तालुक्यातली पुस्तिका मित्राने आणून दिली, तेव्हा मी दोन्ही समोरासमोर ठेवून ताडून पाहिल्या. छायाचित्र तेवढे वेगळे होते. ह्याला नुसता आळस म्हणता येणार नाही. त्यामागे घटनात्मक कारण आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा. पक्षाने व्हिप काढला आणि सभासदाने त्याविरुद्ध मत दिले, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. ‘आयाराम गयाराम’चा बाजार थांबावा म्हणून हा कायदा झाला आणि तो हेतू चांगलाच होता. पण त्याचा परिणाम असा, की एखाद्या विधेयकाबाबत आपल्या खासदारांचे स्वतःचे मत काय, हा प्रश्नच उरला नाही. पक्षाचे तेच त्यांचे.

त्यात आणखी एक गोम आहे. संसदेत आणि विधिमंडळात बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. ‘होय’चे बहुमत आहे, असे अध्यक्ष जाहीर करतात आणि विधेयक संमत होते. कोणी मतविभागणी मागितली, तरच कोणी कोणत्या बाजूने मत दिले ह्याची नावनिशी नोंद होते. म्हणजे ज्या कायद्याने आपल्या शेतमालाचे, शिष्यवृत्तीचे, नोकरीचे भवितव्य ठरते, त्यावर आपल्या प्रतिनिधीने काय मत दिले, हे बहुतेक वेळा कोठेच लिहिलेले नसते. त्या दिवशी ते सभागृहात होते की कँटीनमध्ये, हेही त्यावरून कळत नाही.

ह्याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण इंग्लंडात झाले. एडमंड बर्क हा ब्रिस्टलमधून १७७४ साली निवडून आला, तेव्हा त्याने मतदारांना तोंडावर सांगितले, की मी तुमचा निरोप्या नाही. माझी बुद्धी वापरून तुमच्या हिताचे जे वाटेल ते करीन. व्यापार आणि आयर्लंड ह्यांसंबंधीची त्याची मते ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना रुचली नाहीत. १७८० साली पराभव समोर दिसताच त्याने तेथून माघार घेतली. बर्कचे चूक की बरोबर, ह्यावर आपल्या वर्गात दोन तास भांडण होऊ शकेल. माझा मुद्दा एवढाच, की ब्रिस्टलच्या मतदारांना आपल्या प्रतिनिधीचे मत ठाऊक होते, म्हणून ते त्याला नाकारू तरी शकले.

अमेरिकेत सभासदांना मतदारांना पत्रे पाठवण्याची सवलतच आहे. तिकिटाच्या जागी सभासदाची सही चालते. ही प्रथा १७७५ इतकी जुनी. मध्यंतरी १८७३ साली गैरवापराच्या तक्रारींमुळे ती बंद केली होती, पुढे पुन्हा सुरू झाली. १९७३ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. सरकारी खर्चाच्या पत्रात प्रचार नको, निवडणूक तोंडावर आली की घाऊक पत्रे बंद, असे तिचे नियम आहेत. पत्रात स्वतःचा उदोउदो किती असावा, ह्यावरही त्यांनी मर्यादा घातली होती. हे वाचून मला फार करमणूक वाटली. आपल्या पुस्तिकांना हा शेवटचा नियम लावला, तर बेचाळीस पानांतली किती उरतील?

अर्थात आपल्याकडे ही पुस्तिका सरकारी खर्चाने निघत नाही. आणि ती काढलीच पाहिजे, असेही बंधन नाही. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या गावच्या सरपंचाला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च आणि प्रशासनाचा अहवाल ठेवावा लागतो. कायदाच तसा आहे. चौथी शिकलेली सरपंचबाई गावापुढे उभी राहून हातपंपाच्या दुरुस्तीचा खर्च वाचून दाखवते, आणि मागे बसलेला कोणीही उठून “बाई, ते वॉशर कितीचं?” असे विचारू शकतो. मात्र महाराष्ट्राचे २८८ विधानसभा सदस्य किंवा आपले ४८ लोकसभा सदस्य ह्यांपैकी कोणीही मतदारांपुढे वार्षिक अहवाल ठेवलाच पाहिजे, असे सांगणारा कायदा नाही. जो देतो तो मर्जीने देतो, आणि मर्जीने दिलेल्या अहवालात देणाऱ्याच्या मर्जीचेच असणार. खालच्या पायरीवर हिशेब सक्तीचा आणि वरच्या पायरीवर ऐच्छिक, ही उतरंड कोणाला कशी सुचली असेल?

त्यात भर म्हणजे, २०२२ साली मुदत संपलेल्या अनेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका तीन वर्षांहून अधिक काळ लांबल्या. तेवढ्या काळात शाळेची गळकी खोली असो की पाणंद रस्ता, जिल्हा परिषद सदस्याकडे न्यायची प्रत्येक तक्रार लोकांनी आमदारांच्या दारात नेली. आमदारांचे काम कायदे करणे, हे पुस्तकात वाचायचे. त्यांच्या बंगल्याबाहेर सकाळी जी गर्दी बसलेली असते, त्यात कायद्यासाठी आलेला मनुष्य मला तरी कधी दिसला नाही. आमदारांवर टीका करताना ह्या गर्दीचाही विचार केला पाहिजे. आपण त्यांना जे मागतो, तेच ते अहवालात लिहितात.

पण सभागृहातले काम आणि गावातले पाणी ह्यांचा संबंध नसतो, असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्राच्या इतिहासात त्याची दोन ठळक उदाहरणे आहेत.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. सरकारने तसे आदेश काढले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळे झाले. कोणी अहवाल छापला असता, तर त्यात ‘चवदार तळे खुले’ असेच आले असते. तळ्यावर मात्र कोणाला पाणी घेता येत नव्हते. बोले तेथेच थांबले नाहीत. १९२६ साली त्यांनी दुसरा ठराव आणला, की जी स्थानिक मंडळे पहिला ठराव पाळत नाहीत, त्यांचे अनुदान रोखावे. आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे कोर्टात वाद चालला आणि उच्च न्यायालयाचा निर्णय १९३७ साली लागला. कौन्सिलातील ठराव ते ओंजळीतले पाणी, हे अंतर तोडायला एवढी वर्षे लागली. ‘मंजूर’ हा शब्द पुस्तिकेत दिसला, की मला महाड आठवते.

दुसरे उदाहरण वि. स. पागे ह्यांचे. ते १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी मांडली आणि १९६९ च्या सुमारास तासगाव तालुक्यात, आपल्या विसापूरच्या परिसरात ती करून पाहिली. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडायला गेलेली माणसे आमच्या आजीच्या पिढीत घरोघर आहेत. रोजगार हमीच्या खर्चासाठी १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढे २००५ साली संसदेने सबंध देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. राष्ट्रीय धोरण दिल्लीतून गावात येते, असे आपण समजतो; येथे ते तालुक्यातून दिल्लीला गेले. असे काम चार पानी छायाचित्रांत मावत नाही, आणि त्याची कोनशिलाही नसते.

म्हणून मला वाटते, पुस्तिकेत जे छापलेले नाही ते शोधणे अधिक लाभाचे. ते सापडते विधिमंडळाच्या कामकाजात. तेथे तारांकित प्रश्न असतो, ज्याचे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचे आणि वर उपप्रश्नही झेलायचे. अतारांकित प्रश्नाला नुसते लेखी उत्तर. लक्षवेधी सूचना असते, औचित्याचा मुद्दा असतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. लोकसभेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. प्रश्नोत्तरांच्या याद्या आता विधिमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर बसल्या जागी वाचता येतात. आपल्या ग्रंथालयातल्या संगणकावर मी त्या वाचल्या. (ग्रंथपाल सरांचा आभारी आहे, त्यांनी दोन वेळा जेवणाची सुट्टी पुढे ढकलली.)

ह्या प्रश्नोत्तरांची भाषा मोठी गमतीची असते. प्रश्न तीन तुकड्यांत विचारायचा. अमुक आढळून आले, हे खरे आहे काय. असल्यास, त्याबाबत कोणती कार्यवाही करण्यात आली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तरही तीन तुकड्यांत. हे खरे आहे. कार्यवाही सुरू आहे. प्रश्न उद्भवत नाही. कधीकधी ‘हे अंशतः खरे आहे’ असेही असते. अंशतः खरे म्हणजे किती आणे खरे, हे विचारण्याची सोय त्या तीन तुकड्यांत नाही. तरीसुद्धा ‘हे खरे आहे’ एवढे तीन शब्द मंत्र्यांच्या नावाने छापले जाणे ही मोठी गोष्ट आहे. आपण अर्ज घेऊन गेलो, की ‘तुमच्याकडे पुरावा काय’ असे विचारणाऱ्या टेबलावर ठेवायला त्याहून मोठा पुरावा दुसरा कोणता?

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात दोन वर्षे आरोग्यसेविका नव्हती. सपाट प्रदेशात साधारण पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. आमच्याकडे इमारत निकषाप्रमाणे होती, रंगही नवा होता, फक्त आत कोणी नव्हते. त्या इमारतीच्या रंगकामाचा फोटो पुस्तिकेच्या सतराव्या पानावर आहे. लस टोचायला लेकरे घेऊन बायका नऊ किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जात. एसटीची वेळ जुळली तर ठीक, नाहीतर वडाप. माझ्या वहिनीला सातव्या महिन्यात रक्तदाब वाढल्याचे कळले, ते तेथे गेल्यावर. रक्तदाब मोजायचे यंत्र गावात होते, ते कुलपाआड होते.

नागपूरच्या एका हिवाळी अधिवेशनाची प्रश्नोत्तरांची यादी चाळताना मला आमच्या तालुक्याचे नाव दिसले. आमच्याच आमदारांनी विचारलेला प्रश्न होता. तालुक्यातील उपकेंद्रांतील आरोग्यसेविकांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय? उत्तर होते, हे खरे आहे. पुढे किती पदे रिक्त आहेत तो आकडा होता, आणि पद भरेपर्यंत जवळच्या उपकेंद्रातील सेविकेकडे अतिरिक्त कार्यभार सोपवण्याच्या सूचना दिल्या आहेत, असेही होते. म्हणजे आमच्या गावात आठवड्यातून काही दिवस कोणीतरी यायला हवे होते, आणि हे सरकारने सभागृहाला लेखी सांगितले होते. गावात कोणालाच ते ठाऊक नव्हते. बेचाळीस पानांत ह्या प्रश्नाचा एका ओळीनेही उल्लेख नाही. मला वाटते, पाच वर्षांत आमदारांनी आमच्या गावासाठी केलेले ते सर्वांत उपयोगाचे काम होते, आणि नेमके तेच त्यांनी छापले नव्हते!

ती यादी छापून घेऊन मी सरपंचांना दिली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ती वाचून दाखवली. ‘प्रश्न उद्भवत नाही’ ह्या वाक्याला बायकांच्या बाजूने मोठा हशा झाला. ठराव झाला आणि उत्तराची प्रत जोडून तो आरोग्य विभागाला आणि आमदारांच्या कार्यालयाला पाठवला. आठ दिवसांनी आमदारांच्या स्वीय सहायकांचा सरपंचांना फोन आला. त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती प्रत आम्हांला कोठे मिळाली, आणि तिची एक झेरॉक्स त्यांना पाठवता येईल का.

झेरॉक्स पाठवली. मार्चपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारच्या उपकेंद्रातली सेविका येते आणि कुलूप उघडते. पद अजून रिक्त आहे.